टीडीएसच्या आकड्यावर सही करू नकोस

मने,

तुझा फोटो मिळाला. ग्लासात बुडवलेला मीटर, त्यावर ४१२, आणि खाली तुझा मेसेज: "ताई, असलं पाणी पाजत होते मी पोरांना!" अगं, केवढा जीव घाबरा करून घेतलास. तो आरओ मशीनवाला रविवारी पुन्हा येणार, हप्त्यांचे कागद घेऊनच येणार, आणि अमेय म्हणतोय की एकदाचं घेऊन टाकू, कटकट तरी मिटेल. मशीन घेऊच नकोस असं मी म्हणत नाही. पण रविवारी सही नको. मी दिवसभर लोकांच्या पाण्याच्या बाटल्या तपासत बसते. माझ्याच बहिणीने एका आकड्याला भिऊन पंधरा-वीस हजार मोजावेत, हे काही मला बघवणार नाही.

आधी त्या मीटरचं सांगते. त्यावर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, असं लिहिलेलं असतं खरं, पण तो मोजतो ते एवढंच, की पाण्यातून वीज किती सहज वाहते. विरघळलेले क्षार वीज वाहून नेतात. मीटर त्या वाहकतेला एका ठरावीक गुणकाने गुणतो आणि लिटरमागे इतके मिलिग्रॅम क्षार असा अंदाज दाखवतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सगळ्यांची एकच बेरीज. त्यातलं हाडांना लागणारं कोणतं आणि अंगाला बाधणारं कोणतं, हे त्याला कळत नाही. जंतू, विषाणू, कीटकनाशकं तर त्याच्या हिशेबातच नाहीत. आर्सेनिकचं घे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. तुझ्या मीटरवरचा सगळ्यात लहान फरक एका मिलिग्रॅमचा. म्हणजे मर्यादेच्या शंभर पट आर्सेनिक पाण्यात असलं तर ४१२ चे फार तर ४१३ होतील. आणि तेवढा फरक तर मीटर पुसून दुसऱ्यांदा बुडवला तरी पडतो.

याच मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ सालच्या आवृत्तीत, टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. तुझे ४१२ त्यात आरामात बसतात. राष्ट्रीय हरित लवादाने तर २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, की जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओ वापरायला बंदी घाला. हे तुझा मशीनवाला सांगणार नाही. त्याला दोष देत नाही मी, त्याचंही टार्गेट असतं बिचाऱ्याचं.

पण त्याचा तो सळयांचा खेळ तू बघितलास का? नसेल तर रविवारी बघशील. दोन ग्लास मांडतो, एकात तुझ्या नळाचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. वर धातूच्या सळया असलेलं एक झाकणवजा यंत्र ठेवतो आणि प्लग लावतो. मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट, मग काळपट गाळ फिरायला लागतो, वर फेस येतो, आणि मशीनचं पाणी तसंच नितळ. बघणाऱ्याच्या पोटात ढवळून येतं. तो गाळ तुझ्या पाण्यातला नसतो गं. तो त्या लोखंडी सळईचा असतो. क्षारांमुळे वीज वाहते, सळई झिजते, लोखंड पाण्यात उतरून गंजाचा गाळ होतो. मशीनच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून सळई शाबूत. तू फक्त एक कर. त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि म्हण, "दादा, आता परत लावा." चहा मात्र आधी दे त्याला.

आता ते ४१२ आले कुठून? तुमच्या सोसायटीत तीन पाणी येतात, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. महापालिकेची लाइन, आवारातली बोअर आणि टँकर. तिन्ही जाऊन पडतात जमिनीखालच्या एकाच टाकीत. महापालिकेचं पाणी खडकवासल्याकडचं असेल तर त्यात क्षार फारच कमी असतात. पानशेत, वरसगाव, टेमघरच्या डोंगरांत पडलेला पाऊस थेट धरणात येतो, दगडाशी त्याची फारशी ओळखच होत नाही. बोअरचं पाणी मात्र खडकाच्या पोटात मुक्काम करून आलेलं असतं.

आणि आपला खडक कुठला, तर काळा बेसॉल्ट. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग याच्यावर बसलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक येत गेले आणि गोठले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, म्हणून तो भाग धिरड्यासारखा जाळीदार. विहिरी खणणारे लोक त्याला मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग मात्र घट्ट पाषाण, त्यात पाणी शिरलं तर फक्त भेगांतून. गंमत म्हणजे जाळीतली ती छिद्रंसुद्धा पुष्कळ ठिकाणी नंतर भरून गेली, कॅल्साइटने, झिओलाइटने. पुणे-नाशिक-जळगाव भागातल्या खाणींत निघणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात, ते इथलेच. तर सांगायचं असं, की या खडकात पाणी साठायला जागा फार थोडी. मुरमात, मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात जेवढं मुरेल तेवढंच. त्यामुळे बोअर पाचशे फूट खोल नेली म्हणजे पाचपट पाणी लागेल असं काही नसतं. खोलवरचं पाणी मात्र दगडाशी जास्त काळ राहिलेलं असतं, म्हणून त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त उतरतं. तेच तुझ्या बादलीला, गीझरला आणि नळाच्या तोंडाला पांढरं चिकटतं.

आता एप्रिल आहे. बोअर खाली गेली असणार, टँकर वाढले असणार. सप्टेंबरात हाच मीटर बुडवलास तर वेगळाच आकडा दिसेल. म्हणून तो मीटर फेकून देऊ नकोस, तो आहे कामाचा. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाला एकदा बुडव आणि कॅलेंडरवर आकडा लिही. ज्या दिवशी एकदम खाली गेला त्या दिवशी महापालिकेचं पाणी आलं. ज्या दिवशी आठशेवर उडाला त्या दिवशी रात्री कुठला तरी टँकर येऊन गेला, आणि तो कुठल्या विहिरीवर भरला हे सेक्रेटरींना विचारायला तुझ्याकडे कागद झाला. शुद्धता मोजायला हा मीटर कुचकामी. पण आज टाकीत कोणाचं पाणी आहे, हे तो बरोबर सांगतो.

टँकरचं विचारायलाच हवं, त्याचं कारण नायट्रेट. शहराच्या कडेच्या विहिरींभोवती एका बाजूला खत टाकलेली शेतं आणि दुसऱ्या बाजूला शोषखड्डे. दोन्हीकडून नायट्रेट जमिनीत उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची, आणि तिला सवलत नाही. वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी मिळालं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. आणि इथे आपली नेहमीची सवय उलटी पडते बघ. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट तिथेच राहतं, म्हणजे ते आणखी दाट होतं. तुझी पोरं आता मोठी आहेत. पण खालच्या मजल्यावरची ती बाळंतीण आहे ना, तिच्या कानावर घाल.

बरं, हे झालं क्षारांचं. खरी काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि ती त्या मीटरवर कधीच दिसत नाही.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला काय झालं ते आठवतं ना? किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. धडधाकट माणसं, पोरं एकाएकी हातापायांतली ताकद जाऊन दवाखान्यात. जीबीएस, म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोम. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. पोट बिघडवणारा साधाच जंतू तो, पण तो येऊन गेल्यावर काही जणांत हा आजार उद्भवतो, हे वैद्यकाला ठाऊक होतंच. संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. त्या पाण्याचा टीडीएस किती होता, हे तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि विचारून उपयोगही नव्हता.

जंतू आत येतात कसे, याचा अभ्यास आपल्याच शेजारी झालाय. हुबळी-धारवाडला काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू केलं होतं आणि बाकी गावाला काही दिवसांआड काही तास. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन यांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने घेतले. एकाच शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी, पण ज्या नळांना काही दिवसांआड पाणी यायचं तिथे ई. कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, कितीतरी जास्त वेळा सापडले. कारण साधं आहे. नळ वाहता असतो तेव्हा आतून बाहेर दाब असतो, गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो, आणि शेजारच्या गटाराचं पाणी त्याच सांध्यातून आत झिरपतं. शिवाय रिकाम्या नळाच्या आतल्या भिंतीवर जे साचलेलं असतं ते पाणी आलं की पहिल्या लोंढ्यात निघतं. म्हणून पहिल्या पाण्यात सगळ्यात जास्त घाण असते, असंही त्यांना दिसलं.

आपली आजी काय करायची? पहिलं पाणी अंगणात, तुळशीला नाही, नुसतं अंगणात. मग पितळी घागरीच्या तोंडावर पांढरं फडकं बांधायचं, जुन्या नऊवारीचं, चार पदरी. फडकं फाटत आलं तरी नवं घ्यायची नाही. आई चिडायची, "अहो, नवं घ्या की." आजी म्हणायची, जुन्यातूनच चांगलं गाळतं.

आजी बरोबर होती गं. रीटा कोलवेल म्हणून अमेरिकेतल्या जीवाणुशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी कॉलऱ्यावर उभं आयुष्य घातलं. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांना चिकटून राहतो. एकटा जंतू फडक्यातून सहज निसटेल, पण तो ज्याच्या अंगावर बसलाय तो जीव अडकतो. बांगलादेशात मतलब भागात कोलवेल यांच्या चमूने बायकांना जुनी साडी दुमडून तिच्यातून पाणी गाळायला शिकवलं. जुनी साडी धुवून धुवून मऊ झालेली असते, तिचे धागे फुगून मधली भोकं लहान झालेली असतात, म्हणून ती नवीपेक्षा बरी. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले: कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी. पाच वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तर कुणी सांगायला नसतानाही ३१ टक्के बायका गाळतच होत्या. मला या सगळ्या संशोधनात हे सगळ्यात जास्त आवडतं. अर्थात फडकं कॅम्पिलोबॅक्टरला अडवणार नाही, तो कुणाच्या पाठीवर बसून येत नाही. त्यामुळे उद्या लगेच कपाटातली साडी फाडू नकोस.

आणि सासूबाईंच्या तांब्याच्या हंड्यावरून तू रुसलीस म्हणे! त्यावर वाद घालू नकोस. बंगळूरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मुद्दाम जंतू घातलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, तर जुलाबाचे जंतू मेलेले आढळले, आणि पाण्यात उतरलेलं तांबं मर्यादेच्या आतच होतं. भांडं रोज घासलेलं हवं, आणि त्यात लिंबू-ताक नको, एवढंच. रात्रभर पाणी ठेवतात ना त्या? ठेवू दे.

पण तुमच्या सोसायटीला मी आधी विचारीन ते क्लोरीनचं. नळाशी पोहोचल्यावरसुद्धा पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. तेवढं असलं तर वाटेत शिरलेल्या जंतूंचा तिथल्या तिथे बंदोबस्त होतो. गावात आरोग्यसेवक ओटी टेस्ट करतात ती हीच. नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. दुकानात किट मिळतं, महाग नाही. तुमच्या टाकीत बोअर आणि टँकरचं पाणी मिसळतं, त्यात क्लोरीन घालतं कोण, हा प्रश्न मीटिंगमध्ये तूच काढ. पार्किंगवरून दोन तास भांडता, तर यावर दहा मिनिटं जाऊ देत.

आता आरओ. त्या मशीनबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट कौतुक आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात १९६० च्या सुमाराला सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी समुद्राचं पाणी गोडं करू शकेल असा पडदा बनवला. आज आखाती देशांतली कितीतरी शहरं अशा पडद्यांवर जगतायत. आता घरोघरच्या मशीनमध्ये पॉलिअमाइडचा पडदा असतो, त्याचा काम करणारा थर केसाच्या जाडीच्या शेकडो पट पातळ. पंप पाणी दाबतो, पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. आणि मने, पाणी त्यातून नेमकं जातं कसं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत! पन्नास वर्षं पुस्तकांत शिकवलं, की पाण्याचा एकेक रेणू पडद्यात विरघळतो आणि हळूहळू पलीकडे सरकतो. २०२३ मध्ये येलच्या मेनाचेम एलिमेलेख यांच्या गटाने सांगितलं, तसं नाही. पडद्यात सूक्ष्म रंध्रं जोडली जाऊन वाटा तयार होतात, आणि दाबामुळे पाणी त्यांतून झुंडीने वाहतं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पण दोन वर्षं आधी आणखी एका गटाने पडद्याची घनता अतिसूक्ष्म पातळीवर तपासली, तेव्हा असं दिसलं की पडदा किती पातळ यापेक्षा तो सगळीकडे किती सारखा, यावर त्यातून पाणी किती निघतं ते ठरतं. असे पडदे घरापर्यंत आले तर पंपाची वीज वाचेल.

पाणी वाचेल की नाही ते बघू. आज तरी घरगुती मशीन एका लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. म्हणजे तुम्ही पैसे देऊन टँकर बोलवायचा आणि त्यातलं प्यायचं पाणी काढताना दोन-तीन पट मोरीत सोडायचं. ते बादलीत धर, फरशी पूस, बाथरूम धू. कुंड्यांना मात्र रोज घालू नकोस, क्षार मातीत साचतात.

मावशीकडे दर्यापूरला आरओ आहे, तो तिथे हवाच. तो खारपाण पट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा, पूर्णेच्या खोऱ्यातली जमीनच खारी, विहिरीला लागतं ते मचूळ पाणी. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की हळूहळू दात डागाळतात, पुढे हाडं धरतात. ते उकळून जात नाही, गाळून जात नाही. तिथे आरओला नाकं मुरडणारी शहरी माणसं भेटली की मला राग येतो. तुझं तसं आहे का? ते तपासल्यावर कळेल.

आणि घ्यायचाच झाला तर त्या माणसाला एक विचार: टीडीएस कंट्रोलर आहे का? ते फार भारी म्हणून सांगतात, "मॅडम, मिनरल परत येतात." ते येतात कुठून माहीत आहे? पडद्याला वळसा घालून थोडं मूळचं पाणी शुद्ध पाण्यात मिसळलं जातं. म्हणजे ज्या नायट्रेटसाठी तू मशीन घेतलंस, तेच त्या बारीक स्क्रूमधून परत ग्लासात. मिनरलचा प्रश्न खोटा नाही, हेही सांगते. इस्रायलमध्ये बरीचशी वस्ती समुद्राचं गोडं केलेलं पाणी पिते, त्यात मॅग्नेशियम जवळपास नसतं. तिथल्या संशोधकांना असं पाणी पिणाऱ्या भागांत हृदयविकाराचं प्रमाण जास्त दिसलं. त्यावरून पाण्यानेच झालं असं म्हणता येत नाही, पण तिथे पाण्यात मॅग्नेशियम घालावं का, यावर गंभीरपणे बोललं जातं. तुझ्या ४१२ मध्ये ते फुकट मिळतंय, एवढं लक्षात ठेव.

बाटलीबंद पाणी आणू का, असंही विचारलं होतंस. नको. २०२४ च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठाच्या चमूने बाटलीबंद पाण्यात प्लॅस्टिकचे कण मोजले. लेसरची जी पद्धत वापरली ती आपल्या सी. व्ही. रामन यांच्याच शोधावर उभी आहे. लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले, त्यातले ९० टक्के इतके बारीक की आधी कोणाला दिसतच नव्हते. आणि त्यात पॉलिअमाइड होतं. कुठून आलं असेल? बाटली भरण्याआधी पाणी शुद्ध करतात त्या गाळण्यांतूनच, असा संशोधकांचा अंदाज. हे कण अंगात जाऊन काय करतात, ते अजून ठरायचंय. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझोऊच्या संशोधकांनी नळाचं पाणी पाच मिनिटं उकळून पाहिलं. जड पाण्यात उकळताना जो चुन्याचा पांढरा थर बसतो, त्यात हे कण अडकतात. ९० टक्क्यांपर्यंत निघून गेले. हलक्या पाण्यात मात्र जेमतेम पाव भाग. थंड करून वरचं पाणी गाळून घ्यायचं, बस. ज्या जडपणाला तू शिव्या घालतेस, तो इथे कामाला आला.

तर रविवारच्या आधी एवढं कर. नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा यांसाठी एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत, टँकर आलेल्या दिवशीचं, माझ्याकडे पाठव. जंतूंची बाटली वेगळी, ती मी निर्जंतुक करून कुरिअरने पाठवते. नळाला जाळी असेल तर काढ, नळ पुसून दोन-तीन मिनिटं वाहू दे, मग भर. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, आणि अमेयलाही लावू देऊ नकोस. तोवर केमिस्टकडे किंवा ऑनलाइन एच-टू-एस स्ट्रिपची बाटली मिळते, ती आण. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली, आता जगभर वापरतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेला ठेवायची, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी झाली तर मैल्याचा संशय.

नायट्रेट, फ्लोराइड मर्यादेत निघालं तर तुला यूव्हीचं, म्हणजे अतिनील दिव्याचं, साधं मशीन पुरे. जंतूंचा बंदोबस्त होतो, पाणी वाया जात नाही. दिवा वर्षाला बदलायचा. गढूळ पाण्यात तो चालत नाही, म्हणून आधी गाळणी हवी. आणि कुठलंही मशीन असो, त्यातल्या कोळशाने क्लोरीन निघून जातं, त्यामुळे गावाला जाऊन आलात तर आतली टाकी रिकामी करून मगच प्यायचं.

बाटली काळी झाली तर मशीनवाल्याला फोन करू नकोस. सेक्रेटरींना कर, आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून दाखवायला लाव. झाकणाची कड, पावसाचं पाणी आत जायची वाट, आणि ड्रेनेजचा चेंबर किती फुटांवर आहे, हे तिन्ही बघ. अमेयला बरोबर ने, त्याचा तो मोठा टॉर्च घेऊन. सेक्रेटरी "पुढच्या मीटिंगला बघू" म्हणाले तर मला कळव, मीच बोलते त्यांच्याशी.

ताई